पटावरची हिरा

आमच्या शाळेत एक मास्तर राहणार की दोन, हे डोंगरावरच्या वाडीतली माणसं दिवाळीनंतर कुठे जातात त्यावर ठरायचं. शहरातल्या माणसाला यातून काही उमगायचं नाही, म्हणून नीट सांगते. आमचं गाव घोटीपासून आत, डोंगराच्या अंगाला. खाली गाव, म्हणजे आम्ही भातशेतीवाले. वर वाडी, म्हणजे नागली-वरईवाले. शाळा खालच्या गावात, जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. पोरं निम्मी गावातली, निम्मी वाडीतली. भाताची मळणी उरकली की वाडीतली माणसं घर पाठीवर घेऊन निफाडकडे द्राक्षाच्या बागांवर जायची, ती थेट आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला परत. पोरंही बरोबर. आणि साहेब तपासणीला यायचे ते नेमके पौषात. श्रावणात या की! श्रावणात वाडी भरलेली असते, शाळेत बसायला जागा नसते, एका पाटीवर दोघं लिहितात. पण श्रावणात रस्त्याला गुडघाभर चिखल, आणि साहेबांची फटफटी त्यात रुतायची. म्हणून मोजणी पौषात. पोरं नसताना पोरं मोजायची, आणि मग म्हणायचं, पोरं कमी आहेत, एक मास्तर काढून घ्या. मी पुढे आयुष्यभर याच खात्यात नोकरी केली, मागच्या वर्षी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, पण हे डोकं कोणाच्या खांद्यावर आहे ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

हजेरीच्या वहीत जितकी नावं, तो शाळेचा पट. आमच्या घरी हा शब्द भाताच्या भावासारखा बोलला जायचा. "औंदा पट कसा काय गुरुजी?" असं आण्णा, म्हणजे माझे वडील, मोठ्या गुरुजींना पारावर विचारायचे आणि गुरुजी नुसता हात हलवायचे. मोठे गुरुजी म्हणायला मोठे, उंचीने ते बाईंच्या, म्हणजे शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकेच्या, खांद्याला लागायचे. दम्याचा, तिखट जिभेचा माणूस. पहिली आणि चौथी त्यांच्याकडे, शाळेच्या एकुलत्या एक खोलीत. दुसरी आणि तिसरी बाईंकडे, आणि बाईंचा वर्ग मारुतीच्या देवळाच्या मंडपात, कारण शाळेची दुसरी खोली मंजूर होती पण बांधलेली नव्हती. माझ्या लहानपणी ती मंजूर होती, माझ्या लग्नातही मंजूरच होती. शनिवारी देवाला गर्दी, म्हणून शनिवारी तिसरीने पाढे मनातल्या मनात म्हणायचे. फळ्यावर तेलाच्या बोटांचे डाग, त्यावर खडू उठायचा नाही. खडू, झाडू, पाण्याचा माठ यासाठी वरून जे पैसे येतात त्याला सादिल म्हणतात. हा शब्द मी इतका ऐकला की मला वाटायचं सादिल हे कुणा माणसाचं नाव आहे. "सादिल अजून आला नाही." "सादिल मार्चात येईल." "आला होता, पण फार थोडा आला." एकदा मी आईला विचारलं, हा सादिल कोणत्या गावचा गं? आई भाकरी थापत होती. म्हणाली, "कुठला का आसंना, येताना खडू घिऊन ये म्हनावं."

बाई नाशिकच्या. सोमवारी पहिल्या यष्टीने यायच्या, शनिवारी दुपारी जायच्या, आणि मधले दिवस आमच्याच घरी, पडवीला लागून असलेल्या खोलीत राहायच्या. त्यामुळे आमच्या घरात सकाळी दोन आवाज असायचे. एक आईच्या जात्याची घरघर आणि दुसरा बाईंच्या स्टोव्हचा भर्र. जातं थांबलं की आईचं गाणं थांबायचं, स्टोव्ह थांबला की बाईंचा चहा झाला असं समजायचं. पहिल्या आठवड्यात आईने त्यांना नागलीची भाकर आणि खुरासणीची चटणी दिली. बाईंनी ती काळी चटणी बघून विचारलं, "हे पोटात घ्यायचं की बाहेरून लावायचं?" आई रागावली नाही, पण दोन दिवस तिने तो विनोद शेजारणींना सांगितला. पुढे पुढे बाई शनिवारी नाशिकला जाताना चटणीची पुरचुंडी मागून न्यायला लागल्या. त्या मला वाचायला बसवायच्या, आणि मी चुकले की ओरडायच्या नाहीत, नुसतं म्हणायच्या, "परत." त्या 'परत'चा मला जितका धाक होता तितका गुरुजींच्या छडीचा नव्हता.

चौथीनंतर काय, हा आमच्या घरातला खरा प्रश्न होता. मुलगे पाचवीला घोटीला चालत जायचे. मुली घरी बसायच्या. बाईंनी आण्णांशी एकदा सरळच विषय काढला. आण्णा दुसरी शिकलेले, सही करायचे, पण ती सही नव्हे, ते चित्र होतं, ते काढायला त्यांना वेळ लागायचा. त्यांनी बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, घोटीला पोरगी धाडायची नाय. गावात पाचवी काढा, शिकवतो. शब्द देतो." बाईंनी तो शब्द धरला. पंचायत समितीत दोन खेपा घातल्या. तिथून सांगितलं, दोन शिक्षक कायम राहिले तर जूनमध्ये पाचवीचा वर्ग देऊ. आणि दोन शिक्षक राहायचे तर पौषात पट भरायला हवा. म्हणजे बघा, माझी पाचवी वाडीतल्या पोरांवर टांगलेली, आणि वाडीतली पोरं निफाडला. माझी बी. ए.ची पदवी आज दिवाणखान्यात चौकटीत लावलेली आहे. सून म्हणते, आई, आता काढा, जुनं दिसतं. मी काढत नाही. आमच्या घराण्यात त्याआधी कागदावर नुसते अंगठे आणि आण्णांचं ते एक चित्र. त्यामुळे मला तो कागद दिसत राहिलेला बरा वाटतो. आणि त्याच्यामागे कोण उभं आहे तेही लक्षात राहिलेलं बरं.

हिरा वाडीतली, सोमाची मुलगी. माझ्याच वयाची, पण मी चौथीत आणि ती तिसरीत, कारण दर वर्षाचं अर्धं तिचं निफाडला जायचं आणि गुरुजी तिला कधी पुढे ढकलायचे, कधी नाही. वाढदिवस मात्र आमचा एकच, एक जून. आमचा दोघींचाच कशाला, सगळ्या शाळेचा. जन्म कधी झाला असं विचारलं की आया म्हणायच्या "आवणीच्या वक्ताला" किंवा "बैल मेला त्या साली", आणि गुरुजी वहीत लिहायचे एक जून. हिराचं डोकं माझ्यापेक्षा चलाख होतं, हे मी आज लिहिते, तेव्हा मान्य केलं नसतं. ती एकोणतिसाचा पाढा शेवटाकडून म्हणायची. कशाला, तर उगाच. "सरळ तर कुनीबी म्हनंल," म्हणायची. निफाडहून आली की बागेच्या गोष्टी. वेलीच्या मांडवाखाली उभं राहून दिवसभर मान वर करून घडातले बारके मणी कात्रीने काढायचे, त्याला विरळणी म्हणतात, आणि मान अशी दुखते की परत आल्यावर आठ दिवस खालचं पुस्तक वाचवत नाही. बाई तिला फडताळावर पुस्तक उभं करून वाचायला सांगायच्या. देवळाच्या मंडपात, मारुतीच्या शेजारी, मान वर करून वाचणारी ती मुलगी मला अजून दिसते.

त्या वर्षी दिवाळी झाली, वाडी रिकामी झाली, आणि गुरुजींनी हजेरी भरणं चालूच ठेवलं. तपासणीचा निरोप आला तशी त्यांनी चौथीतली आम्ही सात जणं बाजूला घेतली. बेत असा. साहेब आधी शाळेच्या खोलीत येणार, पहिली-चौथी मोजणार. मग देवळाकडे निघणार. वाटेत आमचं घर, तिथे चहा. पाहुण्याला दारावरून कोरडं पुढे जाऊ द्यायची आमच्याकडे रीत नाही, साहेबांनाही ती मोडता यायची नाही. तेवढ्यात आम्ही सात जणांनी मागच्या खळ्यांमधून पळत देवळात जायचं आणि वाडीतल्या सात पोरांच्या नावाने तिसरीत बसायचं. "शकू, तू हिरा," गुरुजी म्हणाले. "नाव पुकारलं की काय म्हणशील?" मी म्हटलं, हजर. "बापाचं नाव विचारलं तर?" मी म्हटलं, सोमा. "शाब्बास. आणि रिबिनी इथे लावायच्या, तिथे काढायच्या." बाई भिंतीशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला यातलं काही माहीत नाही, असं समजा गुरुजी." गुरुजी म्हणाले, "मला तरी कुठे माहीत आहे?"

तिथून गुरुजी आमच्या घरी आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, उद्या चहा जरा सावकाश."

"किती सावकाश?"

"पोरं देवळात पोचेपर्यंत."

"मंग शेळी सोडूनच ठिवते," आई म्हणाली. "ती धरून आनायची, मंग पिळायची, मंग चहा. पोरं काय, मारुतीबी जाऊन यील."

साहेब आले. बारीक, चष्म्याचा, गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला माणूस, धुळीने भुवया पांढऱ्या झालेल्या. खोलीत आम्हाला मोजलं, माझ्या नावाला मी हजर म्हटलं, ते आण्णांबरोबर आमच्या घराकडे वळले, आणि आम्ही मागच्या दाराने सुटलो. पेंढ्यात पाय रुततायत, रिबीन सोडता सोडता केस तुटतायत, एकाची चड्डी कुंपणाला अडकलेली. इथपर्यंत सगळं गुरुजींच्या बेताप्रमाणे. पण गुरुजींनी एक गोष्ट आम्हाला सांगितली नाही, कारण ती त्यांच्या ध्यानातच आली नाही, आणि आमच्या तर येणंच शक्य नव्हतं. देवळात शिरताना आमच्या गावात कोणीही, तान्हं पोर कडेवर असलं तर त्याचाही हात धरून, घंटा वाजवतं. आम्ही सात जणांनी एकामागून एक उडी मारून सात वेळा घंटा वाजवली आणि धापा टाकत तिसरीत बसलो.

आई पुढे कित्येक वर्षं सांगायची. शेळी नुकती कुठे धरून आणली होती, साहेब ओट्यावर बसले होते, आणि घंटा सुरू झाली. एक, दोन, तीन. साहेबांनी मान वर केली. चार, पाच. "आज शनिवार आहे का?" त्यांनी विचारलं. आण्णा म्हणाले, "नाय साहेब, बुधवार. गावात भाविक लय." सहा, सात. मग साहेब म्हणाले, "चहा सावकाश होऊ द्या वहिनी, घाई करू नका." आणि बसून राहिले, शेळीचं दूध उकळेपर्यंत.

मंडपात त्यांनी पुकारा सुरू केला. हिरा सोमा. मी म्हटलं, "हजर." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. माझी एक वेणी सुटलेली, एक अजून बांधलेली, आणि छाती भात्यासारखी वरखाली. "वडिलांचं नाव काय बाळ?" मला पाठ होतं. मी मोठ्याने म्हटलं, "सोमा." आणि मग मंडपाच्या खांबाशी मला आण्णा दिसले. बेत त्यांना ठाऊक होता, पण त्यात आपली मुलगी आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बायकोला नवऱ्याचं नाव घेताना लाज वाटते त्या गावात बापासमोर दुसरा बाप सांगितला मी, आणि तोही वाडीतला. आण्णांच्या गालाचं हाड हललेलं मला लांबून दिसलं. पण बोलतात काय? बोलले तर पाचवी गेली, बाई गेल्या, गुरुजी गेले. साहेबांनी वहीत सही केली आणि निघताना गुरुजींना म्हणाले, "पट ठीक आहे. पोरं फारच चपळ आहेत तुमची." माझा जीव सगळ्यात जास्त या वाक्याने जळतो. त्या माणसाला कळलेलं होतं. सगळ्यांनाच सगळं कळलेलं होतं. साहेबाला ठाऊक की वाडी रिकामी, साहेबाच्या साहेबाला ठाऊक, पण "पोरं बापाबरोबर कामाला गेलीत, त्यांच्यामागे मास्तर पाठवा" असा रकानाच कुठल्या कागदावर नव्हता. हजर नाहीतर गैरहजर. तिसरं काही सरकारला लिहिता येत नाही.

त्या दिवशी जेवायला बसले तर आण्णा म्हणाले, "हितं कशाला? जा, सोमाकडं जेव." आई हसली, तिच्यावरही डाफरले. तीन दिवस माझ्याशी बोलणं नाही. गावातल्या पोरांना तर आयतं सापडलं. पाणवठ्यावर, शाळेत, जत्रेत, मी सोमाची शकी. लग्नाच्या पंगतीतही एका मावसभावाने मला त्या नावाने हाक मारली, आणि नवरा मला रात्रभर विचारत राहिला, सोमा कोण?

हसण्यावारी जाण्यासारखं एवढंच. माघ संपत आला असताना एके सकाळी खुद्द सोमाच शाळेच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. टोपी हातात. दोन यष्ट्या बदलून आलेला, अंगावर बागेतल्या औषधाचा वास.

"गुरुजी, हिरीचा दाखला पायजे व्हता."

गुरुजींनी खडू खाली ठेवला. "कशाला?"

"मालक बारा म्हयने ऱ्हा म्हनतो. खोली दिलीया. तिकडच्या शाळंतला मास्तर हिरीला पाडं म्हनाया लावतो आन् हसतो. म्हनला, दाखला आन, उद्याच्याला नाव घालतो."

आम्ही चौथीतली पोरं ऐकत होतो. गुरुजींची छाती घरघरायला लागली. मग म्हणाले, "सोमा, तुझी हिरा पटावर आहे. साहेबांनी महिन्यापूर्वी डोळ्यांनी पाहून सही केली आहे. आता ती दिवाळीलाच गेली असं लिहिलं तर मी खोटा. आज गेली असं लिहिलं तर तिकडचा मास्तर सांगेल, पोरगी दिवाळीपासून इथंच आहे, आणि सातांची चौकशी लागेल. मार्च होऊ दे. निकाल लागला की तुझा दाखला."

"मार्चात शाळाच संपती गुरुजी. मंग पुढं आषाढात. तवर तिला कात्री दिली तर ती परत शाळंत बसंल का?" सोमा थांबला. त्याला काहीतरी जुळत नव्हतं. "पन पोरगी तर माझ्यासंगं हाय. मंग साहेबानं पाह्यली ती कोन?"

मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. "ती काय, सोमाची शकी!"

सोमाने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "आसं व्हय," तो म्हणाला. "मंग हिचाच दाखला द्या हिरीच्या नावानं. कुनीतरी शिकल." आणि तो आत आला, कमरेची चिंधी सोडली आणि माझ्या पाटीवर ठेवली. "हिरीनं दिल्यात तुला." गळून पडलेल्या मण्यांचे वाळवलेले बेदाणे होते, ओंजळभर.

दहा वर्षांच्या पोरीला काय कळतं, असं म्हणायची सोय असते. मला चांगलं कळत होतं. घरी बाई होत्या, त्यांना सांगता आलं असतं. आण्णांचा शब्द गुरुजी टाळत नसत. मी दोघांनाही काही बोलले नाही, कारण सात नावं कमी झाली तर जूनमध्ये पाचवी नाही, आणि पाचवी नाही तर मी चुलीपाशी, हे मला एकोणतिसाच्या पाढ्यापेक्षा पक्कं येत होतं. मी खळ्यामागे बसून ते बेदाणे एका बैठकीत खाल्ले. कोणाला एक दिला नाही.

मार्चात गुरुजींचा दमा वाढला आणि ते रजेवर गेले ते बदलीच घेऊन. सोमा परत आला नाही. एका दाखल्यासाठी दोनदा मजुरी बुडवायची कोणी? हिरा तिकडच्या शाळेत दाराशी काही दिवस बसली. नाव नाही म्हणून पुस्तक नाही, पुस्तक नाही म्हणून मग तीच गेली नाही. मला मात्र जूनमध्ये पाचवी मिळाली. आम्ही पाच मुली होतो. पुढे सहावी-सातवीही गावातच जोडली गेली. बाई आणखी तीन वर्षं राहिल्या, सातवीनंतर त्यांनीच आण्णांना घोटीसाठी राजी केलं, आणि घोटीवरून मी नाशिकच्या कॉलेजात गेले. गुरुजींनी केलं ते चूक, असं म्हणायला गेले तर माझी सगळी जिंदगी त्या चुकीवर उभी. बरोबर म्हणायला जीभ वळत नाही. मी तो नाद सोडला.

मुख्याध्यापिका झाल्यावर मात्र एक केलं. हल्ली पट सप्टेंबरअखेर मोजतात, पोरांचे आधार नंबर संगणकावर चढवायचे, एखाद्या पोराच्या नावातला काना चुकला तर ते पोर सरकारला दिसत नाही, मग ते समोर बसून नाक का शिंकरेना. त्यावरून शिक्षकांची पदं ठरतात, त्याला संचमान्यता म्हणतात, आणि जास्तीचा ठरला तो शिक्षक 'अतिरिक्त', म्हणजे तालुकाभर फिरणारी नको असलेली सून. अशा दिवसांत नेमकी कोणीतरी आई दाखला मागायला यायची. माझे शिक्षक कानाशी यायचे, "मॅडम, आठ दिवस थांबवा, तीस तारीख होऊन जाऊ द्या." मी थांबवलं नाही. उभ्या उभ्या दाखला लिहून दिला. त्यापायी एकदा आमचा एक शिक्षक गेला आणि उरलेल्यांनी वर्षभर माझ्या नावाने खडे फोडले. फोडू देत. त्यांना घंटा माहीत नव्हती.

हिरा मला लग्नानंतर निफाडच्या बाजारात भेटली होती. आता ती बायकांची टोळी घेऊन विरळणीची कामं घेते, आणि दर एक जूनला मला फोन करते, "शके, आपल्या जलमदिवसाचा." या एक जूनला म्हणाली, "काम हाय." तिच्या भावाच्या नातीला नर्सिंगला नंबर लागलाय, पण जातीची पडताळणी हवी आणि त्याला बापाच्या घराण्यातल्या कुणाचा तरी जुना शाळेचा कागद लागतो. सोमा शाळेत गेला नाही, भाऊ गेला नाही, पुतण्या गेला नाही. "आमच्या अख्ख्या घरात शाळंत नाव फकस्त माझं लागलेलं," हिरा म्हणाली. "दावशील का काढून?"

आम्ही घोटीहून रिक्षाने गेलो. शाळेला आता दोन खोल्या आहेत, रंगवलेल्या. बसायला पोरं नाहीत. गावातली पोरं सकाळी पिवळ्या गाडीत बसून टाय लावून घोटीला इंग्रजीत जातात. उरलीत ती वाडीतली. शिक्षक एकच, पोरसवदा, विदर्भातून आलेला. त्याने लोखंडी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. हिरा सोमा. जन्म एक जून. पुढे जात, गाव, सगळं गुरुजींच्या तिरक्या अक्षरात. शाळा सोडल्याची तारीख कोरी. कारण कोरं.

"मावशी," तो म्हणाला, "कागदोपत्री तुम्ही अजून तिसरीतच आहात."

हिरा खो खो हसली. तो पेन काढून म्हणाला, "दाखला द्यायचा तर रकाना भरावा लागेल. 'सतत गैरहजर' लिहितो. सगळ्यांचं तेच लिहितात."

माझं डोकंच फिरलं. "गैरहजर? कोण गैरहजर? त्या वहीत बघा, पौषात साहेबांची सही आहे. ती हजर होती. मी स्वतः हजर होते!" मग त्याला सगळं सांगितलं, घंटेसकट. बिचारा ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "खरंय मॅडम. पण रकाना केवढा आहे बघा. यात काय लिहू?" मी म्हटलं, लिहा, मागितला तरी दिला नाही. तो म्हणाला, असं कारण नसतं. मी म्हटलं, असं घडतं ना पण! आता तोही चिडला, आणि त्याचंही काय चुकलं?

हिराचं आमच्या भांडणाकडे लक्षच नव्हतं. अक्षरं ती विसरली, पण टोळीची हजेरी ठेवते म्हणून आकडे वाचते. ती भिंतीवरच्या फळ्याकडे बघत होती. "गुरुजी, ह्यो नऊ कशाचा?"

"पट आहे मावशी. नऊच पोरं. पुढच्या वर्षी ही शाळा बंद करून घोटीच्या शाळेला जोडणार म्हणतात."

"आन् वाडीची पोरं?"

त्याने रजिस्टर आपल्याकडे ओढलं.

हिराने मान वर करून तो फळा आणखी थोडा वेळ बघितला. मग म्हणाली, "मंग माझं नाव काढू नका की. ऱ्हाऊ द्या. धा तरी व्हतील."

तो हसला, आणि हसता हसता पेनाचं टोपण लावलं. मला हसता आलं नाही. पडताळणीला रजिस्टरचा उतारा चालतो, असं त्याला आठवलं. त्याने उतारा लिहून शिक्का मारून दिला, हिराने तो चार घड्या करून कमरेच्या चंचीत ठेवला, आणि रजिस्टर तसंच कपाटात गेलं. तारीख कोरी, कारण कोरं.